एका मॅचचा फरक: ब्लू जेज यंदाही वर राहतील का?

(फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात रेकॉर्ड केलेल्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलेले शब्द तेवढे काढलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, युनियन स्टेशनच्या गर्दीत असाल, नाहीतर रात्रीची भांडी घासत असाल, जे चाललंय ते चालू द्या. आज आपण बेसबॉलबद्दल बोलायचंय.

ऑक्टोबरपासून माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "ताई, यंदा जेज जिंकणार का?" विचारणारे दोन प्रकारचे आहेत. एक म्हणजे इथे टोरोंटोच्या आसपास राहणारे, ब्रॅम्प्टन, मिसिसागा, स्कारबरो. यातल्या बऱ्याच जणांनी गेल्या वर्षी पहिल्यांदाच बेसबॉल पाहिला आणि थेट वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्येच अडकले. दुसरे पुण्या-मुंबईतले. त्यांनी रील्सवर स्प्रिंगरचा होम रन बघितला आणि आता विचारतायत की हा सगळा काय प्रकार आहे, आणि यंदा बघायला सुरुवात करावी का?

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळायला नको. प्लेऑफला जातील असं मला वाटतं. डिव्हिजन जिंकतील का? ती मात्र नाणेफेक आहे. असं का, ते आता सांगते.

नव्यांसाठी दोन मिनिटं

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम्स आहेत. दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन, प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच टीम्स. टोरोंटो ब्लू जेज आहेत अमेरिकन लीगच्या ईस्ट डिव्हिजनमध्ये. शेजारी कोण? न्यूयॉर्क यँकीज, बॉस्टन रेड सॉक्स, टँपा बे रेज आणि बाल्टिमोर ओरिओल्स. या गल्लीत मवाळ शेजारी नाही.

मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत प्रत्येक टीम १६२ मॅचेस खेळते. हो, १६२. आयपीएलमध्ये एक टीम साखळीत १४ खेळते, त्याच्या अकरापटीहून जास्त. त्यातल्या १३ मॅचेस प्रत्येक शेजाऱ्याशी. चार शेजारी, म्हणजे ५२. हा ५२ चा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

प्रत्येक लीगमधून सहा टीम्स प्लेऑफला जातात. तीन डिव्हिजन जिंकणाऱ्या, आणि उरलेल्यांतल्या सर्वांत चांगल्या तीन, त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. आता गंमत बघा. आयपीएलमध्ये पहिल्या दोन टीम्सना क्वालिफायर मिळतो, तिसरी-चौथी मात्र एलिमिनेटरमध्ये मरणाची मॅच खेळते. इथेही तसंच काहीसं आहे. डिव्हिजन जिंकणाऱ्यांतल्या वरच्या दोघींना पहिली फेरी माफ. बाकीच्या चौघींना तीन मॅचेसची छोटी मालिका खेळावी लागते, तीही सगळी वरच्या टीमच्या मैदानावर. सहा महिने घाम गाळायचा आणि दोन खराब रात्रींत सीझन खलास. म्हणून डिव्हिजन जिंकणं म्हणजे नुसता मान नाही. एक धोकादायक दार टाळणं आहे ते.

गेल्या वर्षी नक्की काय झालं

२०२४ मध्ये जेज ७४ जिंकले, ८८ हरले, डिव्हिजनमध्ये शेवटचे. २०२५ मध्ये तीच टीम, थोडीफार डागडुजी करून, ९४ जिंकले, ६८ हरले. आणि यँकीज? ९४ जिंकले, ६८ हरले. तंतोतंत सारखे.

पूर्वी अशा वेळी एक जादा मॅच व्हायची. २०२२ पासून ती बंद झाली. आता आपापसातला हिशोब बघतात. तेरा मॅचेसमध्ये जेज ८, यँकीज ५. बस, एवढ्यावर डिव्हिजन टोरोंटोची. २०१५ नंतर पहिल्यांदा.

आता जरा बोटांवर मोजा. त्या आठ विजयांतला एक, फक्त एक, उलटा पडला असता तर? जेज ९३, यँकीज ९५. बरोबरीच उरली नसती. यँकीज पहिले, आणि जेज वाइल्ड कार्डमध्ये, बॉस्टनविरुद्ध तीन मॅचेसच्या त्या धोकादायक मालिकेत. प्रत्यक्षात त्या मालिकेत यँकीजना उतरावं लागलं. पहिली हरून मग दोन जिंकत ते कसेबसे सुटले आणि मग जेजनी त्यांना ३-१ ने घरी पाठवलं.

शेजाऱ्याशी मॅच असली की आकडा एकाने नाही, दोनाने हलतो. तुम्ही एक वर, तो एक खाली. आणि अशा मॅचेस ५२.

मला विचाराल तर २०२५ चा सीझन ऑक्टोबरमध्ये नाही, ३० जून ते ३ जुलै या चार दिवसांत ठरला. यँकीज टोरोंटोला आले, चार मॅचेस खेळले, चारही हरले. त्यातली एक १ जुलैला, कॅनडा डेच्या दिवशी. जॉर्ज स्प्रिंगरने दोन होम रन मारले, त्यातला एक ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना, एका फटक्यात चार धावा. एकट्याच्या नावावर सात, स्कोअर १२-५. त्या दिवशी लाल-पांढरे टीशर्ट घालून आलेल्यांपैकी कोणालाच वाटलं नसेल की सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हिशोब याच चार पानांवर येऊन थांबणार आहे.

आणि पहिल्या नंबरचा फायदा पुढेही मिळाला. लीगच्या फायनलमध्ये सिएटल मरीनर्सविरुद्ध सातवी मॅच टोरोंटोत झाली, कारण जेज वरच्या क्रमांकावर होते. सातव्या इनिंगमध्ये ३-१ ने मागे, दोन माणसं बेसवर, आणि स्प्रिंगरचा तो होम रन. ४-३. रील तुम्ही पाहिलंयच.

बोचणारा हिशोब

इथपर्यंत सगळं गोड होतं. आता कडू औषध.

आयपीएलच्या टेबलमध्ये एक कॉलम असतो, नेट रन रेट. गुण सारखे असले की सगळे तिकडे धावतात, कारण टीम खरंच किती भारी आहे ते तिथे कळतं. बेसबॉलमध्ये तसलंच काम करते धावांची वजाबाकी. सीझनभर किती केल्या, किती दिल्या.

२०२५ मध्ये जेजनी ७९८ धावा केल्या, ७२१ दिल्या. अधिक ७७. छान आहे की! थांबा, शेजारी बघा. यँकीजनी ८४९ केल्या, ६८५ दिल्या. अधिक १६४, जेजच्या दुपटीहून जास्त. बॉस्टनचे अधिक ११०. म्हणजे धावांच्या हिशोबात जेज डिव्हिजनमध्ये पहिले नव्हते, दुसरेही नव्हते. तिसरे होते.

बिल जेम्स नावाच्या अभ्यासकाने यासाठी एक साधं सूत्र दिलंय. केलेल्या धावांचा वर्ग घ्या. त्याला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. जे येतं ते साधारण किती टक्के मॅचेस जिंकायला हव्या होत्या त्याचा अंदाज. शाळेतलं पायथागोरस आठवलं का? नावही तेच आहे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढून करून बघा. यँकीज येतात ९८ वर. बॉस्टन ९३. आणि जेज? ८९.

मग जेजचं ते सगळं नशीब होतं का? माझं मत, पूर्ण नाही. एकतर सूत्राला १२-१ ने हरणं आणि २-१ ने हरणं यातला फरक दिसतो, टेबलाला दिसत नाही. एखाद्या रात्री बारा धावा खाल्ल्या तरी पराभव एकच. दुसरं, जेजची खेळण्याची एक पद्धत होती, आणि ती मुद्दाम घडवलेली होती. सगळ्या ३० टीम्समध्ये सर्वांत कमी स्ट्राइकआउट जेजच्या बॅटर्सचे, आणि बॅटिंग अॅव्हरेज सर्वांत जास्त, .२६५. स्ट्राइकआउट म्हणजे आपल्याकडचा डॉट बॉल समजा, फक्त त्यात माणूसही जातो. बॉल बॅटला लागला तर समोरच्याला पळावं लागतं, झेलावं लागतं, फेकावं लागतं, आणि कुठेतरी कोणाच्या तरी हातून सुटतं. अटीतटीच्या मॅचमध्ये एकच धाव हवी असते तेव्हा अशी बॅटिंग कामाला येते. अर्नी क्लेमंटचं उदाहरण घ्या. मोठ्ठं नाव नाही, मोठ्ठे होम रन नाहीत. पण प्लेऑफमध्ये ३० हिट्स मारल्या. एका पोस्टसीझनमध्ये इतक्या हिट्स आजवर कोणी मारल्या नव्हत्या.

तरीही, प्रामाणिकपणे बोलायचं तर ९४ हा आकडा थोडा फुगलेला होता. यंदा सुरुवात ९४ वरून होत नाहीये. ती ८९ वरून होतेय असं धरून चला, आणि मग बघा काय वाढलं, काय कमी झालं.

गेले कोण, आले कोण

सगळ्यात मोठं जाणं बो बिशेटचं. शॉर्टस्टॉप, जेजच्याच तालमीत तयार झालेला, गेल्या वर्षी .३११ ची बॅटिंग आणि ९४ धावा आत आणल्या. सप्टेंबरमध्ये यँकीजविरुद्ध होम प्लेटवर धडकून गुडघा दुखावला, तरी वर्ल्ड सिरीजला लंगडत उभा राहिला आणि सातव्या मॅचमध्ये ओहतानीला तीन धावांचा होम रन मारला. तो आता न्यूयॉर्क मेट्सकडे गेलाय, तीन वर्षांचे १२.६ कोटी डॉलर. मेट्स दुसऱ्या लीगमध्ये आहेत, तेवढाच दिलासा. निदान वर्षाला तेरा वेळा समोर उभा राहणार नाही.

त्याच्या जागी बॅटिंगला येतोय काझुमा ओकामोटो. जपानच्या योमिउरी जायंट्सचा, चार वर्षं, ६ कोटी डॉलर. जपानमध्ये तो वर्षानुवर्षं होम रन मारत आलाय. इथले पिचर्स जास्त वेगाने टाकतात, तेव्हा पहिले दोन महिने त्याला द्या. एप्रिलमध्ये .२१० दिसलं म्हणून लगेच मीम्स बनवू नका. शॉर्टस्टॉपला अँड्रेस हिमेनेझ येईल. फील्डिंगमध्ये बिशेटपेक्षा कितीतरी सरस, बॅटिंगमध्ये कितीतरी कमी.

पण खरा पैसा कुठे गेला ते बघा. पिचिंगवर. डिलन सीझ, सात वर्षं, २१ कोटी डॉलर. बाहेरून आणलेल्या खेळाडूला जेजनी यापेक्षा मोठा करार कधी दिलेला नाही. आणि आकडे बघून तुम्ही म्हणाल, अरे, याच्यासाठी? गेल्या वर्षी नऊ इनिंगमागे ४.५५ धावा दिल्या त्याने. हे काही स्टारचे आकडे नाहीत.

मला विचाराल तर त्यांनी चमक नाही, हजेरी विकत घेतलीय. २०२१ पासून सलग पाच वर्षं सीझने दरवर्षी किमान ३२ मॅचेसमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून बॉल हातात घेतलाय. पिचर्सची कोपरं आणि खांदे जिथे पटापट जातात तिथे पाच वर्षं एकही वारी न चुकवणारा माणूस म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी महिन्यातून आठ खाडे करतात त्यांना विचारा. वर गेल्या वर्षी त्याचे २१५ स्ट्राइकआउटही आहेत. जेजच्या पाठीमागची फील्डिंग बघता ते ४.५५ खाली यायला वाव आहे.

दुसरा कोडी पॉन्स. हा अमेरिकेत चालला नाही, जपानला गेला, तिथून कोरियाला. गेल्या वर्षी हान्वा ईगल्सकडून १७ जिंकल्या, एकच हरला आणि कोरियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीन वर्षं, ३ कोटी डॉलर. तिसरा टायलर रॉजर्स, शेवटच्या इनिंगसाठी. याला एकदा बघाच. बॉल जवळजवळ जमिनीला हात लावून खालून टाकतो, वेग तर इथल्या मानाने अगदी कमी, आणि बॅटर चक्रावून जातात.

सगळ्यात जास्त उत्सुकता मात्र ट्रे येसावेजची. २२ वर्षांचा पोरगा. गेल्या वर्षी सुरुवात केली सर्वांत खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर, डनिडीनला, जिथे काहीशेच प्रेक्षक असतात. सप्टेंबरच्या मध्यात मोठ्या टीममध्ये आला. ऑक्टोबरच्या शेवटी डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या मॅचमध्ये १२ स्ट्राइकआउट घेतले आणि एकालाही फुकट बेस दिला नाही. पण लक्षात घ्या, साखळीतल्या फक्त तीनच मॅचेस त्याच्या नावावर आहेत. आता सगळ्यांकडे त्याचे व्हिडिओ आहेत. दुसरं वर्ष अवघड असतं.

दोन काळज्या

पहिली, स्प्रिंगर. २०२४ मध्ये तो .२२० वर होता, लोक म्हणत होते संपला. २०२५ मध्ये .३०९ आणि ३२ होम रन. आता तो ३६ वर्षांचा आहे. यंदा तो या दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल असं धरणंच शहाणपणाचं.

दुसरी, अँथनी सँटँडर. ओरिओल्सकडून एका सीझनमध्ये ४४ होम रन मारलेला माणूस, म्हणून पाच वर्षांचे ९.२५ कोटी डॉलर देऊन आणला. गेल्या वर्षी खांद्याच्या दुखण्यामुळे ५४ मॅचेस खेळला, .१७५ आणि सहा होम रन. भरवशाच्या म्हशीला टोणगा! बिशेट गेल्यावर जी पोकळी झालीय ती याच्याकडून भरून निघेल असं गृहीत धरून मी तरी चालणार नाही.

आणि हो, एक नवा नियम. यंदापासून बॉल स्ट्राइक होता की नाही यावर मशीनकडे दाद मागता येईल, थोडक्यात आपला डीआरएस. प्रत्येक टीमला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. दाद मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर आणि कॅचरला, तोही लगेच, डगआउटकडे न बघता. जेजचा कॅचर अलेहांद्रो कर्क बॉल इतका सफाईने झेलतो की काठावरचे बॉलही स्ट्राइक दिले जातात. मशीन त्या सफाईला भुलणार नाही, तिथे थोडं नुकसान. पण स्ट्राइक झोन त्याच्याइतका कोणाला कळतो? कधी दाद मागायची तेही त्यालाच कळेल. म्हणून मी हे शून्यात धरते.

शेजारी काय करतायत

यँकीज. ॲरन जज गेल्या वर्षी .३३१, ५३ होम रन आणि तिसऱ्यांदा एमव्हीपी. कोडी बेलिंजरला त्यांनी पाच वर्षांसाठी १६.२५ कोटी डॉलर देऊन राखला. बाकी टीम बरीचशी तीच. त्यांचा कच्चा दुवा म्हणजे सुरुवातीचे महिने. गेरिट कोल कोपराच्या ऑपरेशनमुळे अख्खा २०२५ बाहेर होता, कार्लोस रोडॉनचं कोपर ऑक्टोबरमध्ये साफ करून घेतलंय. दोघंही सुरुवातीला नसतील आणि उन्हाळ्यात परततील. म्हणजे यँकीजची टीम एप्रिलपेक्षा ऑगस्टमध्ये जास्त भारी असेल. जेजना पुढे जायचं असेल तर पहिल्या दोन महिन्यांत. तहान लागल्यावर विहीर खणून चालणार नाही.

बॉस्टनचं मला जास्त भय वाटतं. ॲलेक्स ब्रेगमन शिकागो कब्जकडे गेला हे खरं. पण गॅरेट क्रोशे आहे, गेल्या वर्षी २५५ स्ट्राइकआउट घेणारा. त्याच्या जोडीला आता सनी ग्रे आणि रेंजर स्वारेझ, स्वारेझला पाच वर्षांचे १३ कोटी डॉलर. शिवाय २१ वर्षांचा रोमन अँथनी. अशा पिचिंगसमोर तेरा वेळा उभं राहायचं म्हणजे गंमत नाही.

बाल्टिमोर गेल्या वर्षी ७५ विजयांसह शेवटचे. पण याच टीमने २०२३ मध्ये १०१ जिंकल्या होत्या. आता त्यांनी पीट अलोन्सोला आणलाय, १५.५ कोटी डॉलर, गेल्या वर्षी ३८ होम रन. शेवटची टीम पुढच्या वर्षी पहिली येऊ शकत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला २०२४ आणि २०२५ ची टोरोंटोची टेबलं दाखवा.

आणि टँपा बे. चक्रीवादळात छप्पर उडालं म्हणून गेलं पूर्ण वर्ष ते दुसऱ्याच्या, खरं तर यँकीजच्या सरावाच्या मैदानावर खेळले. यंदा घरी परततायत. ७७ जिंकल्या, पण धावांची वजाबाकी अधिक ३१ होती. तेच सूत्र लावा, ८५ च्या आसपास येतात. जेजना जेवढी नशिबाची साथ मिळाली, त्याहून जास्त नशिबाने यांच्याकडे पाठ फिरवली. हा शेजारी यंदा सोपा जाईल असं समजू नका.

बेरीज काय? गेल्या वर्षी दोन टीम्स ७७ आणि ७५ वर होत्या. यंदा पाचही टीम्स ८० च्या वर गेल्या तर मला नवल वाटणार नाही. शेजारी एकमेकांकडूनच विजय काढून घेणार, म्हणजे पहिली टीम ९४ पर्यंत पोचेलच असं नाही. ९१ वर डिव्हिजन जाऊ शकते.

हे वर्षच का महत्त्वाचं

इथे थोडं मनातलं बोलते. व्लादिमीर गरेरो ज्युनियर १४ वर्षांसाठी बांधला गेलाय, ५० कोटी डॉलर, आणि तो करार याच वर्षी सुरू होतो. तो कुठे जात नाही. पण बाकीचे? स्प्रिंगरचा करार २०२६ ला संपतो. केविन गॉसमनचा २०२६ ला. डॉल्टन वार्शोचा २०२६ ला. शेन बीबरचाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये ज्या लोकांनी या शहराला रात्री बारापर्यंत जागं ठेवलं त्यातले कितीतरी जण एकाच दिवशी मोकळे होणार आहेत. बिशेट तर गेलाच. म्हणजे "ती टीम" ज्याला आपण म्हणतो, तिचं हे बहुतेक शेवटचं वर्ष.

सातवी मॅच आठवा. नववी इनिंग, ४-३ ने पुढे, दोन आउट हवे होते. १९९३ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज दोन आउटच्या अंतरावर. मिगेल रोहासने होम रन मारला. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात जेजचे तिन्ही बेस भरलेले, एकच आउट, आणि धावणारा होम प्लेटवर जेमतेम पावलाभराने बाद. मग अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथ. ५-४. इथल्या आपल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तोंडातून शब्द काढला नाही. कॅनडात येऊन दोन वर्षंही न झालेली मुलं होती ती. अमेरिकेतल्या २९ टीम्स आणि कॅनडाची ही एकच. इथे नवीन आलेल्या माणसाला "आपलं" म्हणायला फार गोष्टी नसतात. ही एक मिळाली, आणि पहिल्याच वर्षी तिने रडवलं.

म्हणून विचारतात, "यंदा जिंकणार का?" मला तो प्रश्न फक्त आकड्यांचा वाटत नाही. त्यामागचा खरा प्रश्न असतो, पुन्हा जीव लावू का?

माझा अंदाज

८९ पासून सुरुवात केली होती. बिशेट गेला, स्प्रिंगर थोडा खाली येईल, उणे तीन-चार धरा. सीझ, पॉन्स, रॉजर्स आणि येसावेजचं पूर्ण वर्ष, अधिक चार-पाच. ओकामोटोचं जे मिळेल ते वरकड. माझा आकडा ९०. दोन इकडे, दोन तिकडे. प्लेऑफ, हो. डिव्हिजन, यँकीज आणि बॉस्टनबरोबर तिरंगी लढत, आणि तिघांतलं कोणीही वर आलं तरी फरक दोन-तीन मॅचेसचा असेल.

तेव्हा नव्यांनो, १६२ मॅचेस बघू नका. कोणीच बघत नाही. ५२ बघा. त्यातही मे संपेपर्यंत यँकीज आणि बॉस्टनशी होणाऱ्या. दर वेळी एका वहीत, नाहीतर फोनच्या नोट्समध्ये, फक्त एवढंच लिहा: आपण किती, ते किती. सप्टेंबरमध्ये सगळे टेबल उघडून आरडाओरडा करतील तेव्हा तुम्हाला आधीच माहीत असेल की मॅच कुठे जिंकली होती आणि कुठे घालवली होती.

भारतातल्यांसाठी वेळ सांगते. टोरोंटोत संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी सुरू होणारी मॅच तुमच्याकडे पहाटे ४:३७ ला लागते. सकाळी चालायला जाताना रेडिओवर ऐकायला झकास. रविवार दुपारच्या मॅचेस तुमच्याकडे रात्री अकराच्या सुमारास, त्या जेवून निवांत बघता येतील.

आणि जीव लावायचा की नाही? बघा, ९० चा अंदाज म्हणजे ७२ वेळा हरणार हे आधीच मान्य करणं. आठवड्यातून जवळपास तीनदा. हा खेळ बघायचा तर हरण्याची सवय आधी करून घ्यावी लागते. ती एकदा झाली की मग १ जुलैच्या दुपारी एखादा ग्रँड स्लॅम बसतो, आणि त्याची किंमत तीन महिन्यांनी कळते. मी तर लावणार आहे.

पुढच्या आठवड्यात डनिडीनला सरावाचा कॅम्प सुरू होतोय. तुमचा आकडा मला व्हॉइस नोटवर पाठवा, फक्त विजय किती आणि डिव्हिजन कोणाची. सगळे मी जपून ठेवणार आहे आणि सीझन संपल्यावर एका एपिसोडमध्ये वाचून दाखवणार आहे, माझ्या ९० सकट. पुढच्या भागात बेसबॉलचा स्कोअरकार्ड कसा वाचायचा ते बघू, कारण त्यावर सगळ्यात जास्त मेसेज आलेत.

चला, काळजी घ्या. भेटू पुढच्या गुरुवारी.